जुना लॅमिनायटिस: बूट घालू, नाल मारू की खूर मोकळे ठेवू?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझी घोडी १४ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी पुढच्या दोन्ही पायांना लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या पापुद्र्यांना सूज) झाला. आता मऊ मातीत बरी चालते पण कडक जमिनीवर आली की जपून जपून पाय टाकते. नालबंद म्हणतात हार्ट बार नाल (मधे तळव्याला आधार देणारी पट्टी असलेली) मारू, मैत्रीण म्हणते पॅडचे बूट घाल, आणखी कुणी म्हणतं काहीच नको, खूर मोकळे ठेव. एक्स-रे आहे पण आठ महिन्यांपूर्वीचा. पार गोंधळलेय, काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी नवीन एक्स-रे काढा, प्लीज. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढतो, म्हणजे आज जो खूर तुम्ही हातात धरताय त्यातला बराचसा त्या एक्स-रेच्या वेळी नव्हताच, मग त्यावरून नाल कशी ठरवणार? बाजूने काढलेला एक्स-रे हवा, आणि त्यात दोन गोष्टी विचारा: खुराच्या आतल्या हाडाच्या (कॉफिन बोनच्या) टोकाखाली तळवा किती जाड आहे आणि हाड किती फिरलंय. तळवा १५ मिमीच्या आसपास असेल तर बरं, १० च्या खाली असेल तर घोडी दगडावर का बिचकते ते तिथेच कळेल.

आत काय होतं बघा, कॉफिन बोन खुराच्या भिंतीला ज्या पापुद्र्यांनी धरलेलं असतं ते सैल झालेत, मागून टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) त्या हाडाला ओढतोय, आणि पाऊल उचलताना लांब वाढलेला पुढचा भाग टिकावासारखा ती जोडणी आणखी उचकटतो. म्हणून आधार कशाचाही असो, लाकडाचा, प्लास्टिकचा की लोखंडाचा, त्याने भार भिंतीवरून काढून फ्रॉगवर (तळव्यातला तो त्रिकोणी गादीसारखा भाग) आणि तळव्याच्या मागच्या अर्ध्यावर न्यायला हवा आणि पाऊल पुढून लवकर, सहज उचललं जायला हवं. त्यासाठी दर ४-५ आठवड्यांनी एक्स-रे बघून छाटणी लागतेच, पुढचा भाग मागे घ्यायचा, टाच हळूहळू उतरवायची, तळवा मात्र अजिबात खरवडायचा नाही. छाटणी चुकली तर वर काहीही लावा, उपयोग नाही.

तुमच्या घोडीसाठी मी बुटांपासून सुरुवात करेन, कारण जमलं नाही तर त्याच दिवशी काढता येतात, आणि दुखऱ्या खुरावर हातोडाही पडत नाही. आधी ५ सेंमी जाड घट्ट फोमचा तुकडा खुराखाली टेपने बांधा, एक दिवस उभी राहू द्या, मग काढून ठसा बघा. पुढे हाडाच्या टोकाखाली फोम चेपून गेला असेल तर फ्रॉगच्या टोकापुढचा भाग कापून टाका म्हणजे तिथे दाब येत नाही. बुटातलं पॅडही याच हिशोबाने कापा. बूट रोज काढून खूर कोरडे करायचे आणि टाचेवरची मऊ कातडी घासली गेली का ते बोटाने चाचपून बघायचं, हे टाळू नका.

हार्ट बार वाईट नाही, चांगल्या हातात ती उत्तम काम करते, पण पट्टी फ्रॉगवर नेमकी बसायला हवी. फ्रॉगच्या टोकाशी ड्रॉइंग पिन लावून एक्स-रे काढला की पट्टी कुठे संपवायची ते नालबंदांना दिसतं. अंदाजाने बसवली आणि दाब हाडाच्या टोकाखाली गेला तर तिचे हाल होतील. खूर मोकळे ठेवणं तळवा जाड झाल्यावर जमू शकतं, आत्ता घाई नको.

आणि रक्तातल्या इन्सुलिन आणि एसीटीएच या हार्मोन्सची तपासणी झालीय का? या वयात कुशिंगची (हार्मोन्स बिघडवणारा आजार, त्यातून लॅमिनायटिस होऊ शकतो) शंका घ्यायलाच हवी. मूळ कारण तसंच राहिलं तर आपण खाली आधार देत बसू आणि वर पापुद्रे परत सुटत राहतील. हिरवं कुरण बंद, वाळलेलं गवत भिजवायचं, ते पाणी फेकायचं आणि मगच खायला द्यायचं.

बूट घातल्यावर तिला त्याच कडक जमिनीवरून हळू चालवा आणि बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढा. टाच किंचित आधी टेकली किंवा पाऊल सपाट पडलं तर पॅड बरोबर, पुढचा भाग आधी आपटत असेल तर पॅड बदला. अचानक एकाच पायाने लंगडायला लागली आणि खूर गरम लागला तर आत पू झाला असण्याची शक्यता जास्त, जुन्या लॅमिनायटिसमध्ये हे खूपदा होतं, तेव्हा बूट काढून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.