‘संग’ सोडायचा की धरायचा?

प्रश्न असा आला आहे: दासनवमीला सज्जनगडावर मनाचे श्लोक म्हणताना ‘मना सर्वही संग सोडूनि द्यावा’ असं येतं आणि पुढच्याच चरणात ‘अती आदरें सज्जनाचा धरावा’. सगळाच सोडायचा तर धरायचा कुठला? आणि संग म्हणजेच संगत ना?

दोन्ही शब्द शेजारी नांदतात, पण धातू वेगळे. ‘संगत’ सम् + गम् मधली, म्हणजे एकत्र जाणं. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णेचा, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा होतो तो ‘संगम’ही याच धातूचा. ‘संग’ मात्र ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे यातून आला. ‘आसक्ती’ आणि ‘निःसंग’ त्याचेच नातलग. आपल्याकडे गावात ‘माज्यासंगट चल’ म्हणतात, तिथे चिकटणं उरलेलं नाही, नुसती सोबत आहे. श्लोकातला संग मात्र जुना, चिकट अर्थाचा.

म्हणून मला तिथे विरोध दिसत नाही. मन चिकटल्याशिवाय राहत नाही, हे समर्थांनी गृहीत धरलं आहे. मार्कंडेय पुराणात मदालसाही मुलाला, अलर्काला, हेच सांगते: संग सर्वस्वी टाकावा, टाकता येत नसेल तर सज्जनांशी करावा, तेच औषध. जो स्वतः कशाला चिकटलेला नाही, त्याला चिकटलं की बाकीची पकड सैल होते. पुढच्या श्लोकात ‘मना संग हा सर्व संगासि तोडी’ म्हटलंय, तिथे एकाच ओळीत एक संग तोडणारा आणि बाकीचे तुटणारे आहेत.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘जनीं साधनेंवीण सन्मार्ग लागे’ यातलं ‘लागे’. धरतो, चालतो असं नाही; लागतो. सवय लागते, नाद लागतो, तसा. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण वाईट संगतीसाठीच राखून ठेवली. क्रियापद तेच आहे, आणि चांगला गुणही असाच, न कळत लागतो. गोंदवल्याला नामाला बसलेल्यांच्या शेजारी थोडा वेळ नुसतं बसून पाहा. आपले ओठ कधी हलायला लागले ते कळत नाही.

‘दर गुरुवारी सत्संग असतो’ हे वाक्य चूक का, असंही विचारलं आहे. चूक नाही. आजच्या मराठीत सत्संग हा कार्यक्रमही असतो. फक्त तो अर्थ घेऊन हा श्लोक वाचू नये. तिथे मंडप नाही, माणूस आहे.