"आम्ही बारावीला आहोत" म्हणजे नक्की कोण?

पुण्यात सिंहगड रोडवरून एका बाबांचं लांबलचक पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला. खडकवासला धरणातून रोज किती पाणी सोडलं त्याचे पावसाळाभराचे आकडे तिने वहीत उतरवले आणि लॅपटॉपवर त्या आकड्यांचे सूर करून दोनेक मिनिटांचा आवाज बनवला, गणपतीत सोसायटीने तो स्टेजवर लावला, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून बाबांचं ठरलंय की हेच करिअर. कीबोर्डचा क्लास लावला, पायथॉनचा लावला, आता विचारतायत, "आम्ही बारावीला आहोत, डेटाचं म्युझिक करायचा कोर्स कुठे आहे आणि पॅकेज किती?"

नमस्कार. आधी मला सांगा, हे 'आम्ही' कोण? तुम्ही पण बसणार आहात का फिजिक्सच्या पेपरला? तीन वेळा वाचलं मी पत्र. 'आम्ही ठरवलंय', 'आम्हाला कोडिंग जमतं', मुलीचं नाव एकदाही नाही. बाकीचे पालक लिहितात ते पोरांचं खूळ काढा म्हणून, तुम्ही उलट तिच्या आवडीला पैसे लावताय, त्यामुळे आपलं काही प्रेशर नाही असं तुम्हाला मनापासून वाटतंय. आहे हो. पोरीने एक गोष्ट स्वतःहून केली आणि महिन्याभरात तुम्ही दोन फिया भरून मोकळे, आता लॅपटॉप उघडला की तिला आधी पावत्या आठवणार.

आणि पत्राच्या अगदी तळाशी एक ओळ आहे ती तुमची नाही, टायपिंगच वेगळं आहे. "मॅडम मला गाण्याचं एवढं नाही, २०२४ ला नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा रात्री किती सोडलंय ते आम्हाला कळलंच नव्हतं म्हणून मी ते केलं." हा 'आम्हाला' मात्र खरा आहे. त्या पहाटे धरणातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या घरात गेला होता. तुम्ही टाळ्या ऐकल्या, ती काय ऐकत होती ते विचारलंत का कधी?

एक गैरसमज काढते. आकडे टाकले की सॉफ्टवेअर गाणं काढून देतं, असं नसतं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, प्युअर डेटा घ्या, सॉनिक पाय घ्या, अवघड आहे ते ठरवणं. समजा एका सुराला हजार क्युसेक लावले, तीन सप्तकांत ३६ सूर, ३५ हजार आरामात बसतात. पण मग १ हजाराचे २ हजार झाले काय नि ३४ चे ३५ झाले काय, कानाला उडी सारखीच, आणि नदीत मात्र पहिल्या वेळी पाणी दुप्पट झालेलं असतं. त्यापेक्षा दर दुपटीला एक सप्तक चढवलं तर हजारापासून ३२ हजारापर्यंत पाच सप्तकं होतात आणि सगळी चढण वेगळीच ऐकू येते. दोन्हीतलं कुठलं घ्यायचं आणि पाणी सोडलंच नाही त्या दिवशी शांतता ठेवायची का, हे कळायला नदी माहिती लागते, कीबोर्डच्या क्लासात ते शिकवत नाहीत.

'एकदम नवीन फील्ड' पण नाही हे. चार्ल्स डॉज या अमेरिकन संगीतकाराने १९७० मध्ये पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदींवरून कॉम्प्युटरवर संगीत केलंय. २०१३ ला मिनेसोटात डॅनियल क्रॉफर्डने १८८० पासूनचं जागतिक तापमान चेलोवर वाजवलं, तेव्हा तो कॉलेजात होता आणि सोबत होते भूगोलाचे प्रोफेसर. पॅकेजचं म्हणाल तर या नावाची जागा निघत नाही, लोक शिकवतात, रिसर्च करतात, साऊंडची कामं करतात आणि त्यासोबत हे करतात. साऊंडच करायचं असेल तर एफटीआयआय, म्हणजे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ग्रॅज्युएशननंतर. सीईटी-जेईईचं तुम्हाला मी काय सांगू.

माझं मत विचाराल तर तिला आवाजापेक्षा पाणी जास्त कळतंय. सिव्हिल किंवा बीएस्सी करून पुढे पाण्याचं किंवा हवामानाचं शिक्षण, असं बघा. खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस आहे, केंद्र सरकारची पाण्यावर संशोधन करणारी संस्था, १९१६ ला सुरू झालेली, धरणांची नि नद्यांची छोटी मॉडेल्स करून त्यात खरंखुरं पाणी सोडून बघतात तिथे. तुमच्या घरापासून तो रस्ता सरळ तिकडेच जातो आणि तुम्ही मुलीला उलट दिशेला क्लासला सोडताय! आवाज ती करेलच की बाजूने, आत्तापर्यंत कोणी सांगून केला होता?

कीबोर्ड बंद करा, पायथॉन ठेवायचं की नाही ते तिला ठरवू दे. आणि तो दोन मिनिटांचा आवाज मला ऐकायचाय, पाठवायला सांगा. तिला सांगा, तुम्ही नका पाठवू.