ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलेला भाऊ नेरूळला येऊन मतदान करू शकतो का? आणि पक्षाला देणगी?

दोन्हीला उत्तर नाही.

भावाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याच क्षणी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार त्यांचं भारतीय नागरिकत्व संपलं. ओसीआयमध्ये 'सिटिझन' शब्द असला तरी तो आयुष्यभराचा व्हिसाच आहे. नाव फसवं ठेवलंय, त्यात तुमची चूक नाही. नेरूळचा फ्लॅट खुशाल घ्यावा, शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. मतदार यादीत जुनं नाव राहिलं असेल तर फॉर्म ७ भरून काढून टाका. 'कुणाला कळतंय' म्हणून मत देऊ नका.

देणगीचा मामला जास्त गमतीचा. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१० च्या एफसीआरए कायद्यात परदेशी नागरिक म्हणजे 'परदेशी स्रोत', त्यामुळे भावाचे पाच हजारही पक्षाला चालत नाहीत. पण मोठ्यांसाठी वाट निघाली. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस दोघांनाही परदेशी देणग्यांबद्दल दोषी धरलं. पुढे २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांनी 'परदेशी स्रोत' याची व्याख्याच बदलली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने, थेट १९७६ पासून! एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे इथे गप्प बसले.

 

भाऊ अजून भारतीय पासपोर्टवर असते तर गोष्ट वेगळी: मतदार नोंदणीचा फॉर्म ६ए भरून, स्वतः केंद्रावर येऊन मत देता आलं असतं.