दोन मिनिटांत धाप लागते? तेराचा पाढा म्हणून बघा

प्रश्न: ताई, माझं वय 41, बडोद्यात दांडिया बाजारात राहते. नवरात्रात गरब्याचे दोन राउंड झाले की मी खुर्चीवर आणि लेक हसते, म्हणून यंदा ठरवलं की पळायचंच. तीन आठवडे झाले, सकाळी सहाला कमाटीबागेत जातेय, पण दोन मिनिटांत छाती फुटेल असं होतं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहते. एक काका रोज सांगतात, तोंड बंद ठेवा, नाकानेच श्वास घ्या. तसं केलं की अजूनच गुदमरतं. माझा श्वासच कमी आहे का?

उत्तर: श्वास कमी नाहीये हो, स्पीड जास्त आहे! नवीन पळणारा प्रत्येकजण हेच करतो, मी पण केलंय, पळायचं म्हणजे बस सुटल्यासारखं पळायचं असं डोक्यात बसलेलं असतं ना. जोरात पळताना शरीरात कार्बन डायऑक्साइड भराभर वाढतो आणि तो बाहेर टाकायला मेंदू श्वासाची घाई करतो, धाप लागते ती मुख्यतः त्यानेच, म्हणून वेग उतरवला की श्वास आपोआप जागेवर येतो.

आता वेग किती ठेवायचा? घड्याळ राहू द्या घरी. पळता पळता तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस, तेर त्रिक एकोणचाळीस... एकेक ओळ न तुटता निघाली तर वेग बरोबर, आणि तेर दुणेलाच दम तुटला तर हळू व्हा, इतकं हळू की बाजूने चालणाऱ्या आजी पुढे गेल्या तरी चालेल. लाज वाटते, माहितीय. मला तर एकदा बाबागाडी ढकलणारी बाई ओलांडून गेलीय.

आणि चालायला घाबरू नका. आधी पाच मिनिटं नुसतं चालायचं, मग एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, रोज नाही, पायांना पण सावरायला वेळ लागतो. दम लागायच्या आधीच चालायला लागायचं, लागल्यावर नाही, सगळी गंमत यातच आहे. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळा, दोन चाला, जड गेलं तर तोच आठवडा परत करा, कोणी मार्क देत नाहीये.

काकांना नमस्कार सांगा, पण तोंड उघडा. पळताना हवा जास्त लागते, नाक आणि तोंड दोन्ही वापरायचे. फक्त खांदे वर करून छातीतच श्वास घेऊ नका, पोट फुगलं पाहिजे, रात्री आडवं पडून पोटावर हात ठेवून करून बघा, हात वर गेला म्हणजे जमलं. आणि सोडताना पूर्ण सोडा, हवा पूर्ण बाहेर गेली की आत यायला जागा होते. तीन पावलांत घ्या, दोन पावलांत सोडा वगैरे गणित नंतर बघू, सुरुवातीला मोजण्यातच माणूस गोंधळतो.

एक मात्र करा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते कमी असेल तर जिना चढताना पण धाप लागते आणि कितीही हळू पळालात तरी फरक पडणार नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, श्वासात शिट्टी वाजली तर पळणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. आणि पावसाळ्यात सकाळी सहाला पण हवा चिकट असते, घाम वाळत नाही, तेव्हा नेहमीच्या वेगाला पण धाप लागेल. तेव्हा पाढाच ऐकायचा, कालचा वेग विसरायचा.

प्रश्न: पळताना उजव्या बरगडीखाली टोचतं. पळायच्या आधी चहा-बिस्किट आणि भरपूर पाणी घेतो. (अकोट्याहून)

उत्तर: ते भरपूर पाणीच नडतंय. एकदम लोटाभर पिण्यापेक्षा घोट घोट घ्या. जेवण पळायच्या दोन-तीन तास आधीच झालेलं बरं. टोचलं की चालायला लागा, तिथे बोटांनी दाबा आणि लांब श्वास सोडा, बहुतेक वेळा थोड्या वेळात जातं. आणि सेवउसळ पळून आल्यावर!