पालिकेने स्वतःचं ब्रॉडबँड जाळं उभारावं का?

उभारावं, पण जमिनीखालची फायबर पालिकेची असावी. घरोघरी इंटरनेट विकण्याचा धंदा शक्यतो दुसऱ्यांना करू द्यावा. खर्चाचा मोठा वाटा केबलचा नसतोच, रस्ता खणून पुन्हा बुजवण्याचा असतो. पाण्याची लाइन टाकताना त्याच चरात रिकामे डक्ट, म्हणजे केबलसाठीच्या पोकळ नळ्या, पुरून ठेवले, तर पुढे फक्त फायबर ओढायची उरते. स्टॉकहोम १९९४ पासून हेच करतंय: तिथली शहराच्या मालकीची स्टोकाब कंपनी नुसती फायबर, जिला डार्क फायबर म्हणतात, भाड्याने देते आणि सेवा देणाऱ्या कंपन्या तिच्यावर आपापसात स्पर्धा करतात.

अमेरिकेतल्या चॅटनूगाने सेवाही स्वतःच दिली, २०१० मध्ये थेट एक गिगाबिट वेगाची. पण तिथे शहराची वीज कंपनी आधीपासून होती. खांब, दुरुस्तीच्या गाड्या, बिलं काढणारी माणसं सगळं तयार, वर स्मार्ट ग्रिडसाठी, म्हणजे डिजिटल यंत्रणेने चालणाऱ्या वीजजाळ्यासाठी, केंद्र सरकारचं घसघशीत अनुदान. (हा भाग उदाहरण देणारे हमखास गाळतात.) उलट युटा राज्यातल्या प्रोव्होने कर्ज काढून जाळं उभारलं, ते तोट्यात गेलं, २०१३ मध्ये गूगलला एका डॉलरला देऊन टाकलं, आणि कर्जाचे हप्ते शहराच्या गळ्यात राहिले.

अर्थात दोन-तीन कंपन्यांची चांगली फायबर आधीच घरापर्यंत पोचली असेल, तर नव्या जाळ्याला पुरेसे ग्राहक मिळणं कठीण. तिथे डक्टपुरतंच थांबावं.