‘मी तशी नाही’ म्हणण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एवढ्या लांबलचक पत्रात घडलेली गोष्ट तू जेमतेम चार ओळींत उरकली आहेस. बाकी सगळं तू स्वतः कशी आहेस याबद्दल आहे: घरी काय शिकवलं गेलं, कोणाकोणाशी मैत्री आहे, कुठल्या मोर्चात चालली होतीस. तुला फार लागलंय हे कळतंय. नीट वागायची मनापासून धडपड करणाऱ्या माणसाला ‘रेसिस्ट’ हा शब्द सहन होत नाही. पण मला त्या चार ओळींबद्दलच बोलायचं आहे.

दुसऱ्या देशातून आलेल्या तुझ्या सहकारी मुलीने सादरीकरणाची सगळी तयारी केली होती. ऐनवेळी ते तू दुसऱ्याकडे दिलंस आणि कारण सांगितलंस, “तुझे उच्चार क्लायंटला समजायला जड जातील.” ती सगळ्यांसमोर म्हणाली, “हे रेसिस्ट आहे.” तू म्हणालीस, “मी तशी नाही, कोणालाही विचार.” मग तुला रडू आवरेना. दोघीजणी तुला बाहेर घेऊन गेल्या, त्यांनी धीर दिला आणि मीटिंग तिथेच मोडली.

ती एका निर्णयाबद्दल बोलत होती. तू उत्तर दिलंस ते स्वतःच्या स्वभावाबद्दल. त्या क्षणी तिचा प्रश्न बाजूला पडला आणि तुझ्या चांगुलपणाची सुनावणी सुरू झाली. त्या सुनावणीतून तिला काहीही मिळणार नव्हतं. तू निर्दोष ठरली असतीस तरी सादरीकरण तिच्या हातून गेलं होतं ते गेलंच होतं.

“माझ्या मनात तसं काही नव्हतं,” असं तू तीन ठिकाणी लिहिलंस. माझा त्यावर विश्वास आहे. पण हेतू हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमात वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेल्या भेदाची व्याख्या आहे आणि ती हेतूवर थांबत नाही. ज्याचा हेतू ‘किंवा परिणाम’ समान हक्कांना बाधा आणणारा असेल, तो भेदभाव, असं तिथे म्हटलंय. माणसाच्या मनात शिरून बघता येत नाही, पण काम कोणाच्या हातून काढून घेतलं गेलं हे सगळ्यांना दिसतं.

आता उच्चारांचं बघू. हे मी मुद्दाम जरा लांबवणार आहे, कारण तुला ते कारण अगदी साधं, व्यावहारिक वाटतंय.

१९९२ साली डोनाल्ड रुबिन या अमेरिकी संशोधकाने विद्यार्थ्यांना एका छोट्या व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. आवाज एकच होता, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या बाईचा. ऐकताना काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो होता, काहींसमोर आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना त्याच आवाजात परकीय हेल ऐकू आला आणि व्याख्यानही त्यांना कमी समजलं. आपण नुसत्या कानांनी ऐकत नाही, डोळ्यांनीही ऐकतो. दुसरीकडे, कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ साली दाखवलं की खरोखरच परक्या हेलात बोलणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकणाऱ्याच्या अंगवळणी पडायला साधारण एक मिनिट पुरतं. सुरुवातीला थोडं जड जातं, मग जात नाही.

म्हणजे तू एका मिनिटाच्या अडचणीसाठी तिचं कित्येक दिवसांचं काम दुसऱ्याच्या नावावर केलंस. आणि तीही अडचण खरोखर होती की तिच्याकडे बघून वाटली, हे तुलाही ठाऊक नाही. क्लायंटने कधी तक्रार केली होती? तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही. तुमच्याच टीममध्ये पुटपुटत, घाईघाईत बोलणारा कोणीतरी असेलच. त्याच्याकडून कधी कोणी सादरीकरण काढून घेतलं? हे प्रश्न तू एकटीने, शांतपणे स्वतःला विचारावेस असं मला वाटतं. उत्तरं मला कळवलीच पाहिजेत असं नाही.

‘माझ्या मैत्रिणींत सगळ्या रंगांच्या, सगळ्या देशांच्या मुली आहेत’ हे वाक्य मात्र यापुढे कुठेही वापरू नकोस. खोटं आहे म्हणून नाही. बेनोआ मोनँ आणि डेल मिलर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही जणांना नोकरीसाठी उमेदवार निवडायला सांगितला, आणि त्यात सगळ्यांत लायक उमेदवार कृष्णवर्णीय होता. बहुतेकांनी त्यालाच निवडलं. नंतर त्यांना विचारलं, एका गावातल्या पोलिसदलात कृष्णवर्णीयांबद्दल आकस आहे, तिथल्या जागेसाठी कोण बरा? आधी कृष्णवर्णीय उमेदवार निवडलेली माणसं ‘तिथे गोराच बरा’ असं इतरांपेक्षा सहज म्हणून गेली. आपण तसे नाही हे एकदा सिद्ध झालं की पुढच्या वेळी मनाचा पहारा ढिला पडतो. ‘मला चालेल हो, पण समोरच्याला चालणार नाही’ हा युक्तिवाद तुला ओळखीचा वाटतो का बघ.

रडण्याबद्दल लिहायला मला जड जातंय, पण ते टाळलं तर या पत्राला अर्थ नाही. रडू येण्यात अपराध काहीच नाही. पण त्या खोलीत त्यानंतर काय झालं ते आठव. ज्या मुलीचं काम गेलं, जिने सगळ्यांसमोर बोलायचं धाडस केलं, ती टेबलाशी एकटी बसून राहिली, आणि सगळ्यांची माया तुझ्या वाट्याला आली. पुन्हा अशी वेळ आली आणि डोळे भरून आले तर म्हण, “मला पाच मिनिटं दे, मी परत येते, हे बोलणं इथे सोडायचं नाहीये.” आणि परत जा. सांत्वन हवं असेल तर ते संध्याकाळी, तिच्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून घे. माझ्याकडे कधीही ये.

पहिल्या मिनिटात म्हणायचं तरी काय, असं तू विचारलंस. फार थोडं. “तू हे बोललीस, बरं केलंस. मला नीट समजून घ्यायचंय.” मग गप्प बसायचं. ती बोलली तर मध्ये खुलासा घुसडायचा नाही. ती नाही बोलली तर “समजावून सांग ना” म्हणून मागे लागायचं नाही. तुला शिकवणं ही तिची नोकरी नाही. असे अनुभव तिला बहुधा याआधीही आले असतील आणि प्रत्येक वेळी पुरावा तिच्याकडेच मागितला गेला असेल. तो थकवा तुला एका बैठकीत दिसणार नाही.

आता माफी. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” ही माफी नव्हे, त्यात तिच्या वाटण्यालाच दोष दिलेला असतो. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा घटक तपासले होते. त्यांत सगळ्यांत वजनदार ठरली ती जबाबदारीची कबुली, त्याखालोखाल झालेलं नुकसान भरून देण्याची तयारी. ‘मला क्षमा कर’ ही विनवणी सगळ्यांत हलकी ठरली. म्हणून तिला क्षमा मागत बसू नकोस. “तुझं काम तुझ्याकडून काढून घेतलं, कारण दिलं ते चुकीचं होतं, तो निर्णय माझा होता,” एवढं सरळ म्हण. आणि ते सगळ्यांसमोर म्हण, कारण काम सगळ्यांसमोर काढून घेतलं होतंस. त्या सादरीकरणावर तिचं नाव लागेल अशी व्यवस्था कर, क्लायंटला तसं कळव. ती लगेच पहिल्यासारखी हसून बोलेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. कदाचित कधीच बोलणार नाही. तरीही भरपाई करायचीच.

आणि आरोप चुकीचा असला तर? हा प्रश्न तू फार दबकत विचारलास. दबकायचं कारण नाही, तसं होऊ शकतं. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला आणि पोलिसांनी तपासाची हेळसांड केली. त्यावरचा मॅकफर्सन चौकशी अहवाल १९९९ साली आला. त्याने सुचवलं की पीडित व्यक्तीला किंवा दुसऱ्या कोणालाही जी घटना वर्णद्वेषी वाटते, तिची नोंद वर्णद्वेषी घटना म्हणूनच व्हावी. म्हणजे तिथपासून तपास सुरू व्हावा. दोष सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नव्हे. तक्रार गंभीरपणे ऐकणं आणि ती जशीच्या तशी मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरंच तपासून पाहिल्यावर तुला वाटलं की निर्णयामागे वेगळं, सगळ्यांना सारखं लावलेलं कारण होतं, तर खोटी माफी मागू नकोस. “मी यावर विचार केला, मला हे असं दिसतं, कारण हे,” असं शांतपणे सांग. फक्त हा निष्कर्ष तासाभरात निघाला तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या या प्रकरणात तो निघेल असं मला वाटत नाही, हेही स्पष्टच सांगतो.

तिने लेखी तक्रार केली तर मात्र वरचं बरंचसं बदलतं. मग तिला एकटीला गाठून बोलायला जाऊ नकोस, तुझा हेतू कितीही चांगला असला तरी तो दबाव ठरतो. मैत्रिणींना तिच्याशी बोलायला पाठवू नकोस. मेसेज, ईमेल काहीही पुसू नकोस. चौकशीची पद्धत काय, सोबत कोणाला नेता येतं, हे ऑफिसला लेखी विचार. तक्रार केली म्हणून तिला कामात डावललं, तर अनेक देशांच्या कायद्यात तो आणखी एक स्वतंत्र दोष आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात तो आहे, अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातही आहे. मूळ तक्रार टिकली नाही तरी हा दोष टिकू शकतो.

आणि आज एवढं कर: त्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते आठवेल तसं, तारखेसह लिहून ठेव. तिचे शब्द तिचेच राहू देत, तुझे तुझे. खुलाशाची एकही ओळ लिहू नकोस.

कळावे.