वाचक विचारतात : ‘तानापिहिनिपाजा’तला ‘पा’ कुठे गेला?

गेल्या अंकात महाविद्यालयांतल्या स्नेहसंमेलनांवर लिहिलं आणि त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावर निघाली : आवारात एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) अशा विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम करायचा तर कसा? निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत; ज्यांना गावही नको होतं, त्यांचं तेही दिलेलं नाही.

‘प्राइड’ (या समुदायाचा अभिमानोत्सव) जूनमध्ये असतो म्हणून आम्ही जूनची तारीख मागितली. प्राचार्य म्हणाले, ‘पुढे बघू.’ आता काय करावं? – द्वितीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी, फोंडा

‘पुढे बघू’ हा नकार समजू नका. जून हा मुहूर्त न्यूयॉर्कचा आहे. 28 जून 1969 च्या पहाटे तिथल्या स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटून उभे राहिले, त्याची ती आठवण. आपल्याकडे तेव्हा मृग कोसळत असतो, प्रवेश चालू असतात आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना अजून स्वच्छतागृह कुठे आहे तेही ठाऊक नसतं. 17 मे हा समलिंगीद्वेषविरोधी दिवसही जगभर पाळतात, पण तो सुट्टीत जातो. 6 सप्टेंबर ही तारीख मात्र आपली. 2018 साली याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात कलम 377 मधला संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. अडचण एवढीच की चवथ (गणेशचतुर्थी) कधी ऑगस्टअखेर येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. आधी पंचांग बघा, मग अर्ज लिहा. चवथीच्या आदल्या आठवड्यात सभागृह मिळेल, पण मुलं गावी गेलेली असतील. ते जमत नसेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरा. त्यानंतर कार्निव्हल, शिगमो आणि परीक्षा ओळीने येतात.

अर्ज एका पानाचा असावा. तारीख, वेळ, सभागृह, अंदाजे उपस्थिती, बाहेरून येणाऱ्यांची नावं, खर्च आणि फोटोंबद्दलचा नियम एवढंच त्यात लिहा. भावनिक परिच्छेद नको, तो प्राचार्यांना व्यवस्थापनापुढे वाचून दाखवता येत नाही. त्याऐवजी दोन कागद जोडा. पहिला, रॅगिंगविरोधी नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये केलेली दुरुस्ती. लिंगभाव (पारलिंगी धरून) आणि लैंगिक कल यांवरून एखाद्याला छळणं किंवा वाळीत टाकणं हे रॅगिंगच, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरा, आयोगाचेच लैंगिक छळ प्रतिबंधाचे 2015 चे नियम. मुलींबरोबरच काही मुलगे आणि तृतीयलिंगी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात, हे ते मान्य करतात. म्हणजे तुम्ही परवानगी मागताय ती संस्थेवर आधीच असलेल्या जबाबदारीतला एक भाग पार पाडायला. महाविद्यालयात ‘जेंडर चॅम्पियन’ गट किंवा राष्ट्रीय सेवा योजना असेल तर त्यांच्या नावाने अर्ज करा, सही लवकर होते.

वेळ अकरा ते एक. संध्याकाळचा रंगीत कार्यक्रम दिसायला छान, पण साखळीची किंवा काणकोणची मुलगी सातनंतर कुठे होती ते तिला घरी सांगावं लागतं. तासांच्या मध्ये झालेल्या कार्यक्रमाचा कुणी हिशेब मागत नाही. आणि मैदानावर डीजे नकोच. शाळा-महाविद्यालयांभोवतीचा 100 मीटरचा परिसर ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. ज्याला कार्यक्रम बंद पाडायचाय त्याला आवाजाची तक्रार ही सगळ्यात सोपी चावी. दारं लावलेल्या सभागृहात हा प्रश्नच उद्भवत नाही.

नोंदणी, हजेरी, फोटो, प्रमाणपत्रं यांची तयारी करतोय. काय चुकू शकतं? – कार्यक्रमाधिकारी, म्हापसा

सर, खरं तर चुकतं ते इथेच. व्यासपीठावर फारसं काही बिघडत नाही. गोवा एवढासा. ‘तू कोणाचो?’ या एका प्रश्नावर आजोबांपर्यंतची ओळख निघते. दुपारी काढलेला फोटो संध्याकाळी वाड्याच्या व्हॉट्सॲप गटावर असतो. त्यामुळे सगळी आखणी ज्याला अजिबात दिसायचं नाही त्याला समोर धरून करा. बाकीच्यांची सोय त्यात आपोआप होते.

हजेरीच्या कागदावर ‘लिंग’ हा रकाना छापूच नका, त्याचा कार्यक्रमाला उपयोग नाही. ‘तुम्ही समुदायातले की पाठिंबा देणारे?’ हा प्रश्न तर कुठेच नको. ‘हाक मारायचं नाव’ असा रकाना मात्र ठेवा. हजेरीच्या तासांसाठी सही लागणारच असेल, तर त्या आठवड्यातल्या सगळ्या उपक्रमांचा मिळून एकच तक्ता करा.

फोटोंसाठी सभागृहाचा उजवा भाग ‘फोटो नाही’ म्हणून राखा. ‘नको असेल त्यांनी हात वर करावा’ असं माईकवरून विचारणं म्हणजे ज्यांना लपायचंय त्यांनाच उभं करणं. छायाचित्रकार एकच, तोही सभागृहाच्या डावीकडून व्यासपीठाकडे बघून काढणारा. प्रेक्षकांचा समोरून एकही फोटो नको, पाठमोरे चालतील. वर्तमानपत्राला बातमी पाठवताना फोटो तुम्ही निवडून द्या, त्यांना फोटोग्राफर पाठवू देऊ नका.

प्रवेशद्वारावर इंद्रधनुषी फितीचा तुकडा द्यायचा असेल तर तो शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना द्या, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. मोजक्यांनी लावली की फितीची खूण होते. 12 सेंटिमीटरचे 200 तुकडे म्हणजे 24 मीटर. फुकट जाणारं धरून 26 मीटर घ्या आणि तुकड्यांइतक्याच सेफ्टी पिना.

प्रश्नपेटीत सगळ्यांनी चिठ्ठी टाकायची, कोरी असली तरी. पेनंही एकाच शाईची ठेवा. नाहीतर ज्याने लिहिलं तो उठून पेटीपर्यंत जाताना सगळ्यांना दिसतो, आणि मग कुणी लिहीतच नाही.

प्रमाणपत्रावर ‘विविधता सप्ताह, स्वयंसेवक’ एवढंच छापा. ते घरी फाईलमध्ये लागतं. भित्तीपत्रकावर मात्र हा आडपडदा नको. तिथे ‘समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी’ हे शब्द ठळक हवेत. नुसतं ‘विविधता’ लिहिलेल्या कार्यक्रमात शेवटी खाद्यपदार्थांचे स्टॉल आणि राज्याराज्यांची नृत्यं होतात.

निवेदन मराठीत करायचंय. इंग्रजीत ‘दे’ म्हणतात, मराठीत काय म्हणू? – निवेदक, साखळी

प्रश्न सर्वनामावर थांबत नाही, मराठीत क्रियापदही लिंग सांगतं. ‘ते’ म्हणावं तर ‘ते आले’ हे आदरार्थी पुल्लिंग होतं आणि ‘ते आलं’ म्हटलं की माणसाची वस्तू होते. गोव्यात आणखी एक गंमत आहे : कोंकणीत ‘तें आयलें’ म्हटलं की डोळ्यांपुढे तरुण मुलगी उभी राहते, त्यामुळे ‘तें’ इथल्या कानाला मधलं वाटतच नाही.

पण मराठीतच भरपूर वाटा आहेत. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत लिंग आहे, ‘तुम्ही आलात’मध्ये नाही. ‘मी सांगतो’, ‘मी सांगते’ यांत आहे, ‘मला सांगायचंय’, ‘मी लिहिलं’, ‘मी येईन’ यांत नाही. ‘आम्ही आलो’ सगळ्यांचंच. म्हणून संहिता लिहिताना ‘आजचे वक्ते आहेत...’ ऐवजी ‘आजचं व्याख्यान ... यांचं’ म्हणा. ‘त्या पाच वर्षं काम करत आहेत’ ऐवजी ‘यांच्या कामाला पाच वर्षं झाली’. आणि ‘यांना मंचावर येण्याची विनंती’ हे वाक्य तर कुणालाही चालतं. ‘बंधू-भगिनींनो’च्या जागी ‘मंडळी’ आहेच. संहिता एकदा मोठ्याने वाचा, अडखळलात की तिथे लिंग डोकावतंय.

हे सगळं पाहुण्यांची पसंती ठाऊक नसेल तेव्हासाठी. ठाऊक असेल तर प्रश्नच मिटला. पारलिंगी स्त्री ‘ती’ आहे, तिला मुद्दाम लिंगहीन वाक्यांत गुंडाळणं हाही अपमानच. म्हणून आदल्या दिवशी फोनवर विचारा, ‘तुमचा उल्लेख कसा करू?’ त्याच फोनवर मानधनाचं बोला. शस्त्रक्रियेबद्दलचा प्रश्न प्रेक्षकांतून आला तर तो थांबवणं तुमचं काम, उत्तर देणाऱ्यावर सोडू नका. आणि सरसकट ‘तृतीयपंथी’ म्हणू नका. समलिंगी मुलगा तृतीयपंथी नसतो.

जाता जाता : साडी नेसलेला मुलगा आणून हशा पिकवणारी नाटिका कुणीतरी सुचवेलच. पेडण्याकडच्या दशावतारात लोक संकासुराला हसतात, स्त्रीपार्ट करणाऱ्याला नाही. तो अभिनय मंडळी श्वास रोखून पाहतात. एवढी कसोटी लावा.

झेंड्यात सहाच रंग का? शाळेत तर सात शिकलो. आणि रांगोळीला रंग किती लागेल? – सजावट समिती, मडगाव

‘तानापिहिनिपाजा’तला ‘पा’ गळला म्हणून. गिल्बर्ट बेकर यांनी 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या झेंड्यात आठ पट्ट्या होत्या. गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून ती गेली, मग पट्ट्यांची संख्या सम हवी म्हणून फिरोजी गेली, आणि पारव्याच्या जागी साधा निळा आला. उरलं ते तानापिहिनिजा, तांबडा वर. उलटा टांगू नका. पारलिंगींचा झेंडा वेगळा, मोनिका हेल्म्स यांनी 1999 मध्ये केलेला : फिकट निळा, गुलाबी, पांढरा, गुलाबी, फिकट निळा. तो मात्र कसाही धरला तरी सुलटच.

90 बाय 60 सेंटिमीटरच्या झेंड्याला प्रत्येक पट्टी 10 सेंटिमीटर उंच दिसायला हवी. शिवणीला दोन्हीकडून एकेक धरून 12 ची कापा. पन्हा मीटरभर असेल तर प्रत्येक रंगाचं पाव मीटर कापड पुरतं, त्यात दोन झेंडे निघतात. सुती लाल कापडाचा रंग जातो आणि शेजारची नारिंगी पट्टी पहिल्याच पावसात बिघडते. कापण्याआधी ते वेगळं भिजवून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. क्रेप कागद तर दमट हवेतही हाताला रंग सोडतो, पांढऱ्या भिंतीजवळ नकोच.

रांगोळी अर्धवर्तुळाची काढा. बाहेरची त्रिज्या 1 मीटर, आतली 40 सेंटिमीटर, सहा पट्टे दहा-दहा सेंटिमीटरचे. सगळे रंग सारखे आणले की हमखास तांबडा संपतो आणि जांभळा उरतो, कारण बाहेरच्या पट्ट्याचं क्षेत्रफळ आतल्याच्या दुपटीहून जास्त असतं. थर मिलिमीटरभराचा धरला तर तांबडा अर्धा किलो आणि जांभळा पाव किलो आणा, मधले त्या क्रमाने.

भिंतीवर माहितीचे पाचसहा फलक लावा, प्रत्येकी चाळीस शब्द, जास्त कुणी वाचत नाही. 2 जुलै 1999 ला कोलकात्यात जेमतेम पंधरा माणसांनी काढलेली देशातली पहिली प्राइड फेरी. 15 एप्रिल 2014 चा, पारलिंगींची लिंगओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा नाल्सा निकाल. 2018 चा निकाल. आणि आपल्या कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स, 2014 चे पद्मश्री, ज्यांनी पुरुष जोडीदाराशी असलेलं आपलं नातं कधी लपवलं नाही. हा शेवटचा फलक दाराजवळ लावा. ‘हे सगळं बाहेरून आलंय’ म्हणणारे तिथे थांबतात. फलकावर ‘समलिंगी विवाह कायदेशीर’ असं लिहिण्याची चूक फार होते. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात तो हक्क दिलेला नाही.

मुलगा आयोजनात आहे. पोलिसांचं लचांड मागे लागेल का? आणि तो स्वतःच तसा असला तर डॉक्टरना दाखवायचं का? – एक आई, पेडणे

पहिल्याचं उत्तर, नाही. संस्थेच्या परवानगीने तिच्याच सभागृहात केलेला हा कार्यक्रम आहे. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 377 सारखं कलमच नाही.

दुसऱ्याचंही, नाही. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे नेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. तो गप्प राहत असेल, जेवत-झोपत नसेल, तर ती काळजीची गोष्ट, आणि तिच्यासाठी 14416 हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्थाही आहे. आणि बाय, त्याने सांगितलं नसेल तर तुम्ही विचारून वदवून घेऊ नका. कार्यक्रमाच्या दिवशी डबा थोडा जास्त द्या, चौघांना पुरेल असा.

कार्यक्रमानंतर वसतिगृहात एका मुलाला चिडवणं सुरू झालंय. – वसतिगृहातला विद्यार्थी, ताळगाव

तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेले लोक आजच लिहून ठेवा, संदेशांचे स्क्रीनशॉट घ्या. मग त्या मुलाला विचारा, तक्रार हवी का. त्याच्या मागे केलेल्या तक्रारीने त्याचं नाव सगळीकडे होतं. तो हो म्हणाला तर वॉर्डनला लेखी द्या आणि पोच घ्या, किंवा रॅगिंगविरोधी क्रमांक 1800-180-5522 वर फोन करा. लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत जावं लागतं, हे त्याला सांगा.

मला जायचंय. पण मी तिथे का आलो असं कुणी विचारलं तर? – (नाव, गाव नाही)

स्वयंसेवक म्हणून नाव द्या. चहाच्या टेबलाला नेहमी माणूस कमी पडतो.